पहाऱ्याची पाळी

शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना नंबर चिकटवण्यात माझा जन्म गेला. गोष्ट रचणं मला कधी जमलं नाही. खाली लिहिलंय ते घडलेलं आहे. माझा काही गैरसमज होत असेल तर... देव करो आणि तसंच असो.

फिलिपिन्समधलं काविते, खाडीकाठचं आमचं घर. गेल्या महिन्याची एकोणीस तारीख. दुपारचे तीन.

पण आधी ताताय, म्हणजे आमचे वडील अनाक्लेतो. एकतीस वर्षं आरमारात होते. सुट्टीवर आले की आम्हा भावंडांना चूल पेटवायच्या पाळ्या लावायचे आणि जहाजावरच्या रीतीने उठवायचे. खाटेच्या पायाला दोन टिचक्या. मग हळू आवाजात नाव. "ऊठ. तुझी पाळी."

मी जाळाला भ्यायचो. माझी पाळी ते स्वतःच करायचे. "झोप रे, मास्तर," म्हणायचे.

एक्क्याण्णवाव्या वर्षी ते गेले.

आमच्याकडे शवपेटी बंद करण्याआधी मृताच्या हातातली जपमाळ थोरल्या मुलाने कापायची असते. नाही कापली तर साखळी तुटत नाही. घरातलं आणखी कुणी मागोमाग जातं.

ती माळ त्यांनी एकतीस वर्षं समुद्रावर उशाखाली ठेवली होती. त्यांची बोटं मण्यांवर अशी घट्ट...

मी कात्री हवेतच मिटली.

आवाज सगळ्यांनी ऐकला. झाकण लागलं. मी कुणाला काही बोललो नाही.

नवव्या दिवशीच्या प्रार्थनेनंतर तातायचे धाकटे भाऊ, सिल्वेरियो काका, शेवया खाता खाता म्हणाले, "दुपारी डोळा लागला होता, तर अनाक्लेतोने खाटेला टिचक्या मारून उठवलं! मेला तरी याची मुकादमगिरी काही सुटत नाही!"

सगळे हसले.

मी ताटली खाली ठेवली.

त्या टिचक्यांनंतर तिसऱ्या दिवशी काका गेले. खुर्चीत बसल्या बसल्या.

आणि मग ती एकोणीस तारीख. घरात मी आणि माझी विधवा बहीण लिगाया, दोघंच. ती झोपेतून उठून बाहेर आली. मला ती कुया म्हणते, म्हणजे दादा.

"कुया, मला हाक मारलीस?"

"नाही."

"मग खाटेला टिचक्या...?"

मी तिला माळेचं सगळं सांगून टाकलं.

"सत्तरी ओलांडलीस, कुया. एक माळ कापवली नाही तुला?"

मी तसाच दफनभूमीत धावलो. कबर उघडा, म्हणून राखणदाराचे पाय धरले.

"आजोबा, कबर म्हणजे काय कपाट आहे, विसरलेलं काढून घ्यायला? परवानगीचा कागद आणा."

कागदाला महिना लागणार होता. काकांच्या हिशोबाने आमच्याकडे दोनच दिवस होते.

दुसऱ्या दुपारी लिगायाच्या खाटेवर मी झोपलो. डोळे मिटून पडलो. वारा नव्हता. कुत्रंही भुंकत नव्हतं.

तीन वाजले...

बुटांचा आवाज आला. ओसरीतून आत. माझ्या पायथ्याशी येऊन थांबला.

"ताताय, मी जागा आहे. चूक माझी. मला न्या."



मग कुणीतरी माझ्या अंगावरची चादर ओढून गादीखाली घट्ट खोचली. चारी बाजूंनी. मला हात हलवता येईना.

"झोप रे, मास्तर."

बूट स्वयंपाकघराकडे गेले.

मी धडपडत सुटलो. आत गेलो तर लिगाया एकटीच. भात उतू जात होता. तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

"काय म्हणाले?"

"रागावले नाहीत. मी म्हटलं, क्लारिताला एकदा डोळे भरून बघू दे, मग येते. ते बरं म्हणाले."

क्लारिता तिची मुलगी, मला तितो म्हणते, म्हणजे मामा. चार वर्षं दुबईत आहे. या महिन्याच्या चौदा तारखेचं तिचं तिकीट होतं.

तिसरा दिवस गेला. लिगायाला काही झालं नाही.

मी क्लारिताला फोन केला. येऊ नकोस म्हणालो. या वर्षी नको. कधीच नको.

"तितो, चार वर्षांनी आईला भेटतेय मी! पुस्तकं वाचून वाचून डोकं फिरलंय तुमचं!"

सगळं सांगितलं. ती रडली. मग फोन ठेवला.

इकडे लिगायाने पडदे धुतले, नवी उशी शिवली. मी विनवलं, पोरीला तू तरी थांबव. ती म्हणाली, "शब्द दिलाय, कुया. आणि मला तिला बघायचंय."

आज बारा तारीख. सकाळी क्लारिताचा निरोप आला. खिडकीतून दिसणाऱ्या विमानाच्या पंखाचा फोटो. 'तितो, दोन दिवस आधीच निघाले. आईला सांगू नका. गंमत करूया.'

उलट फोन केला. बंद आहे.

लिगाया आत भांडी विसळतेय. गुणगुणतेय.

मला काही सुचत नाही. तिला घेऊन कुठे पळून जावं तर ती यायला तयार नाही. कुणाला काही उपाय माहीत असेल तर कृपा करून लगेच लिहा.

विमान पाचला उतरतं.