वायरीची जागा

"आवाज आला की बटण दाबायचं. अगदी बारीक आला तरी," असं बजावून तिनं त्याच्या कानांवर हेडफोन चढवला, काचेच्या खोलीचं दार लावलं आणि बाहेर येऊन तपासणी सुरू केली. आवाज वाढवत वाढवत तिनं पार शेवटाला नेला, पण बटणाचा दिवा काही लागेना. इतका तरुण माणूस — आणि ठार बहिरा! दार उघडून ती होता नव्हता तो जोर लावून ओरडली, "कधीपासून ऐकू येत नाही?"

तो दचकला. "मला येतंय हो मॅडम. तुमचं मशीनच गप्प आहे." मग जरा थांबून म्हणाला, "तेच दुरुस्त करायला आलोय. मघापासून सांगतोय, पण... तुम्ही ऐकून कुठं घेता?"

कान तपासणाऱ्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं! शेजारच्या खोलीतून तिच्या आत्याचं, म्हणजे दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंचं हसू ऐकू आलं. त्याला फोन आत्यानंच केला होता आणि भाचीला सांगायचं ती साफ विसरली होती.

दुखणं असं होतं. दवाखान्यात नवा कॉम्प्युटर आला, पण कानाच्या मशीनचा प्रोग्राम जुना, दोघांचं जमेना. म्हणून नव्याच्या पोटात एक जुना कॉम्प्युटर बसवला होता. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मशीनची वायर लावली की नव्यानं तिच्यावरचा हक्क सोडायचा आणि ती आतल्या जुन्याच्या हवाली करायची, असं ठरलेलं. पण नवाच आधी झडप घालायचा आणि आतला बिचारा वाट बघत बसायचा.

"म्हणजे बाहेरच्यानं सोडल्याशिवाय आतल्याला मिळतच नाही?"

"नाही ना. हावरट आहे लेकाचा," तो टेबलाखालून म्हणाला. तासाभरानं वर आला तेव्हा त्याच्या केसांत जळमट अडकलं होतं. ते काढायला तिचा हात निघाला... आणि अर्ध्या वाटेवरून माघारी फिरला.

"या खालच्या पोर्टला बांधून दिलंय," तो म्हणाला. "इथं लावली की थेट आत जाईल. वायरीची जागा बदलू नका." मग खात्री करायला तो स्वतःच काचेच्या खोलीत जाऊन बसला. ती आवाज सोडत गेली, तो बटण दाबत गेला. काचेतून दोघांची नजर भेटली आणि तिचा पुढचा आवाज सोडायचा राहिलाच.

आठवड्यानं टेबल पुसताना तिनं वायर चुकून वरच्या पोर्टला लावली. मशीन गप्प. तिनं फोन केला, तो आला, वायर खाली लावून पुन्हा काचेमागं बसला आणि हसला. त्या दिवशी तिला कळलं, की या माणसाला बोलवायला दोन बोटांचं अंतर पुरतं.

पुढचं काय सांगायचं? मंगळवारी दुपारी पेशंट नसत, म्हणून मशीन नेमकं मंगळवारी बिघडू लागलं.

"मंगळवारी काय धाड भरते याला?" आत्या म्हणाली. "तुझ्या त्या वायरवाल्याला इथंच खाट टाकून देऊ या का?"

असे पाच मंगळवार गेले. सहाव्याला, वायर वर चढवल्यावर, न सांगता एक आजोबा आले. तिनं घाईनं वायर खाली लावली, पण आतला कॉम्प्युटर आता अडून बसला होता, आणि वायरवाला कुठं तरी दुसऱ्या कामात. आजोबा दीड तास बसले. शेवटी उठत म्हणाले, "राहू दे पोरी. नातीच्या फोनवर मी नुसतं हो हो म्हणतो, तसं आणखी थोडे दिवस चालवीन."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वायरवाला येऊन मशीन चालू करून गेला, तेव्हा तिनं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी आजोबांना तिनं स्वतः फोन करून बोलावलं, आणि वरच्या पोर्टवर चिकटपट्टी लावून टाकली.

मशीन झकास चालू लागलं. एक मंगळवार गेला, दुसरा, तिसरा... तिची नजर दाराकडे, कान फोनकडे. तक्रारच नाही तर बोलवायचं कसं? आणि त्यानं तरी कशाला यायचं? काचेपलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बघताना तिला रडू यायचं, आणि न बिघडणाऱ्या मशीनचा संताप यायचा.

चौथ्या मंगळवारी तो दारात उभा.

"मी... बोलावलं नव्हतं," ती म्हणाली.

"म्हणूनच आलो." तो कॉम्प्युटरसमोर बसला. "सोमवारपासून दुसऱ्या गावी नोकरी आहे. चार तासांवर. जायच्या आधी हे कायमचं करून टाकतो. आता पोर्टला नाही, मशीनच्या स्वतःच्या नंबरला बांधतो. वायर कुठंही लावा, आतच जाईल."

"हे आधी येत नव्हतं करता?"

त्यानं कीबोर्डवरून हात काढले. "पहिल्याच दिवशी येत होतं. दहा मिनिटांचं काम. पण मग... तुम्ही फोन केला नसता."

"ती वायर... मीच..."

"माहीत आहे. वायर कधी निघाली, कॉम्प्युटर लिहून ठेवतो. तीन दहाला निघायची, तीन बाराला तुमचा फोन."

तो उठला आणि शेवटची खात्री करायला काचेमागं जाऊन बसला. तिनं आवाज सोडले, दिवा दर वेळी लागला. मग तिनं बोलायचा माइक चालू केला, काचेकडे पाठ केली आणि आवाज अगदी तळाला नेला.

"मंगळवारी येत जा. काही बिघडलं नसलं, तरी या. मला तुम्ही... फार आवडता."

दिवा लागला नाही. एवढं बारीक कुणाला ऐकू येणार? आता ही खुर्ची कायमची रिकामी राहणार होती. तिनं डोळे मिटले, आवाज एक घर वर चढवला, आणि सगळं पुन्हा म्हटलं.

डोळे उघडले तेव्हा दिवा लागलेला होता. ती वळली. काचेमागं तो डोळे पुसत हसत होता, आणि अंगठा बटणावरून काढत नव्हता.

"झालं का गं दुरुस्त?" आत्यानं आतून विचारलं.

"झालं," ती म्हणाली. दिवा अजून लागलेलाच होता.