हेस्टरची ओल

आमच्या हॅरलडेन गावात पाऊस थांबला की बायकांच्या कपाळाला आठ्या पडतात. एरवी पश्चिमेचे ढग येऊन आमच्या डोंगराला अडतात, बारा महिने भुरभुर चालूच असते, आणि परकर चुलीपुढे धरल्याशिवाय सुकत नाही. पण त्या ओलीवरच तर इथल्या कापडगिरण्या उभ्या राहिल्या. दमट हवेत सूत तुटत नाही. मार्चमध्ये माळावरून पूर्वेचा कोरडा वारा सुटला की सुताच्या तारा तटातट तुटतात, विणायचे साचे थांबतात, आणि आमचे मालक ऑर्मरॉडसाहेब छताखालच्या नळांतून वाफ सोडतात.

त्या वाफेत दिवसभर भिजायचं आणि संध्याकाळी ओल्या शालीनिशी त्याच वाऱ्यात बाहेर पडायचं. माझी धाकटी बहीण हेस्टर अशीच गेली, गेल्या मार्चमध्ये. नळाचं तोंड बरोबर तिच्या साच्यांवर होतं. शेवटी शेवटी तिच्या छातीतून किटली उकळल्यासारखा आवाज यायचा. "माझ्या ल्यूसीला त्या नळाखाली उभं राहू देऊ नकोस," एवढंच तिनं लेकीसाठी माझ्याकडून कबूल करून घेतलं. आणि तिच्या साच्यांवर साहेबानं कुणाला उभं केलं? ल्यूसीलाच! मुडदा बसवला त्याचा!

यंदा वारा सुटला त्याच सकाळी मी खात्यातल्या सगळ्या बायका घेऊन साहेबाच्या दारात उभी राहिले.

"वाफ सोडलीत तर एकही साचा चालणार नाही."

"नाही सोडत," साहेब दात काढत म्हणाला. "सूत तुटायला लागलं की तुम्हीच याल वाफ मागायला, एडिथबाई."

"तुमच्या बैठकीच्या खोलीत सोडा ती वाफ!"

साचे दुरुस्त करणारा आमचा जॉबर एनॉक तसा मुखदुर्बळ. पण त्यानं नळांत वाफ सोडायचं चाक काढून गुपचूप माझ्या हातात ठेवलं. मी ते सरळ कालव्यात भिरकावलं.

दुसऱ्या दिवशी हवा इतकी कोरडी झाली की दाराच्या फळ्या कडाकडा वाजायला लागल्या. प्रत्येक साच्यावर तारा तुटत होत्या. आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की धोट्याच्या भोकाला ओठ लावून सूत तोंडानं बाहेर ओढावं लागतं. ते करून करून आमचे ओठ सोलवटले.

फक्त ल्यूसीचे साचे अखंड चालले होते.

मी तिच्याजवळ गेले, तर तिथली हवा अंगाला चिकटत होती. तिच्या केसांवर बारीक थेंब होते. मी स्टुलावर चढून नळाला हात लावला. नळ गारठलेला आणि ठणठणीत कोरडा होता.

"एनॉक, वाफ कुठून येते रे?" मी त्याच्या कानाशी ओरडले.

"कुठूनच नाही," तो म्हणाला. "बॉयलरकडची जोडणीसुद्धा तोडलीय मी." मग ल्यूसीकडे न बघता तो निघून गेला.

"मला इथं बरं वाटतंय, मावशी," ल्यूसी म्हणाली. "मानेवर कुणीतरी हळूच फुंकर घालतंय असं वाटतं."

दुपारी साहेब फेरीला आला. ल्यूसीचं सलग कापड बोटांनी चाचपत सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "बघा! पोरीला आईचा हात आहे!"

ल्यूसी हसली आणि तिला खोकला आला. तो आवाज मी ओळखला. किटलीचा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेबावर तर होतीच, पण त्याहून जास्त हेस्टरवर. जिवंतपणी त्या माणसाला फुप्फुसं दिली, आता मेल्यावरही त्याचंच कापड विणतेय, आणि तेही स्वतःच्या पोरीच्या छातीवर!

साच्यांच्या खडखडाटात आवाज पोचत नाही, म्हणून आम्ही विणकर बायका नुसते ओठ हलवून बोलतो. साहेब गेल्यावर मी ल्यूसीच्या साच्यांमधल्या रिकाम्या बोळात उभी राहिले आणि तसंच बोलले.

'अक्कल कुठं गेली तुझी, हेस्टर? याच ओलीनं तुला नेलं ना? तुझी माया कळते मला. पण पोरीला सोड. कुणाच्या पाठीशी उभं राहायचंच असेल तर माझ्याकडे ये.'

काही झालं नाही.

समोरच्या रांगेतून बर्था माझ्याकडे टक लावून बघत होती. तिची हयात ओठ वाचण्यात गेली आहे. पण तिची नजर माझ्या तोंडावर नव्हती. माझ्या खांद्यामागे होती.

'काय गं?' मी ओठ हलवले.

'ती बरं म्हणाली,' बर्थाचे ओठ हलले.

मग तिनं पाठ फिरवली.

तेवढ्यात ल्यूसीची तार तुटली. पाठोपाठ दुसरी. पोरीनं वैतागून साच्याला लाथ घातली आणि एक शिवी हासडली. तिचे केस कोरडे झाले होते. तार तुटल्याचा इतका आनंद मला जन्मात कधी झाला नव्हता.

मी माझ्या साच्यांकडे परत आले. कांडी संपली होती. नवी घातली आणि धोटा ओठांशी नेला.

सूत आधीच बाहेर ओढलेलं होतं. टोक ओलं होतं, आणि कोमट.