वाऱ्याकडे पाठ

प्रयागबाईच्या पेंढ्याची गंजी जळाली, आळ गोजरबाईवर आला, आणि वाडीनं तिला संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. वाघोबापुढं शपथ घेऊन आगीचा मंत्र कायमचा सोडायचा. एकदा सोडला की तो जिभेवर परत येणार नव्हता.

मंत्र छोटासाच, गुरूवाचून आलेला. ओली चूल ती फुंकरीनं पेटवी. मंचरहून गुप्तहेर रत्नाला तिनंच बोलावलं. सोबत मदतनीस सुदर्शन होता.

"करून दाखवा," रत्ना म्हणाली.

सुदर्शननं पणती धरली. गोजरबाईनं पश्चिमेच्या वाऱ्याकडे पाठ करून फुंकर घातली. वात मोगऱ्यासारखी उमलली.

"आता वाऱ्याकडं तोंड करून."

"न्हाई जमत, पोरी. माझी फुंकर वाऱ्याबरोबरच चालती. आदळंल तिथंच पेटतं."

"हिनंच केलंय," सुदर्शन कुजबुजला. "काडीसुद्धा लागत नाही!"

काल सगळे लग्नाला गेले होते. मागं तिघंच होते: गोजरबाई, शेजारचा कुंडलिक आणि पेंढा विकत घ्यायला आलेले आळे गावचे दादाभाऊ. वाराही असाच पश्चिमेचा होता. वऱ्हाड परतून आग विझवेपर्यंत गंजीची पूर्वेची बाजू राख झाली होती. पश्चिमेची अजून पिवळी होती.

दादाभाऊ उखडले. "पेंढा दिला न्हाई म्हणून जाळीन व्हय? अन् मी जाळली असती तर काडी उरली नसती, राव! आमी उसाचं पाचट वाऱ्याच्या अंगानं पेटवतो. ही डोंगरातली मानसं राब भाजताना उलट्या टोकाला बसत्यात. आग मुंगीवानी सरकती."

रत्ना गेली तेव्हा कुंडलिक भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा पसरून राबच भाजत होता, पूर्वेच्या टोकाला उकिडवा बसून.

"लई वर्सं तिच्या अंगणात बसलो," तो म्हणाला. "एक ठिणगी दिली न्हाई तिनं."

संध्याकाळी वाघोबापुढं वाडी जमली.

"शपथ थांबवा," रत्ना म्हणाली. "गंजी पूर्वेकडून पेटली. गोजरबाईंची फुंकर वाऱ्याबरोबर जाते. त्यांनी पेटवली असती, तर पश्चिमेची बाजू आधी जळाली असती. दादाभाऊंचा हातही वाऱ्याच्या अंगालाच वळतो. वाऱ्याच्या उलट काडी लावायची सवय राब भाजणाऱ्याची. काल असा एकच माणूस वाडीत होता."

"अरे हो की!" सुदर्शन ओरडला.

कुंडलिकची मान खाली गेली. "मंत्र मला न्हाई, तर तिलाबी नको, असं वाटलं." मग गोजरबाईकडे वळून म्हणाला, "का न्हाई शिकवलंस, आत्या?"

"मलाच कुणी शिकवलं न्हाई, लेका. शिकवत्यात कसं, ते कुठं ठावं मला?" गोजरबाई उठली. "उद्यापासनं दोघं बसून बघू. पर आधी प्रयागच्या बैलांना तुझी वैरण नेऊन टाक. जा, उठ."