खोकला थांबला की ये

रविवारी सकाळी क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या प्रौढशाळेत आधी गरम कॉफी मिळायची, मग थोडा वेळ मौन प्रार्थना, आणि मग पाट्या निघायच्या. शिकवायला जोसाया व्हिटलॉक. शिकायला बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतली दाढ्या पिकलेली माणसं.

त्यांतला एनॉक टॅरंट व्हिटलॉकच्याच कारखान्यात पितळ ओतायचा. तिथल्या धुराने त्याची छाती पोखरली होती. मौन सुरू झालं की नेमका त्याला खोकला यायचा.

"अरे एनॉक, देवाला जरा बोलू दे की!" कुणीतरी म्हणायचं आणि हशा व्हायचा.

पुढे तक्रारी आल्या. जोसायाने त्याला दाराशी गाठलं. "एनॉक, खोकला थांबला की ये."

"बरं, साहेब."

सगळ्यांना समान मानणाऱ्या क्वेकरांना कुणी साहेब म्हटलेलं चालत नाही. त्या दिवशी मात्र जोसायाने त्याला टोकलं नाही.

पुढच्या रविवारी मौनात खोकला ऐकू आला. खिडकीजवळच्या बाकावरून. एनॉकच्या जागेवरून. बाक रिकामा होता.

जोसायाने शेजारची खोली पाहिली, जिना पाहिला, धुराड्यातही डोकावून पाहिलं. त्यानंतर दर रविवारी तेच. तोंडावर हात दाबून धरावा तसा, कुणाला त्रास होऊ नये म्हणून आवरलेला खोकला. आता कुणी हसत नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघायचंही टाळू लागली.

शेवटी जोसाया एनॉकच्या खोलीवर गेला. एनॉक वारला असणार, असंच त्याने मनात धरलं होतं. दार एनॉकनेच उघडलं.

"थांबला खोकला, साहेब. तुम्ही म्हणालात त्याच दिवशी." त्याने छातीवर हात ठेवला. "इथं पोकळ वाटतं, एवढंच."

"मग आला का नाहीस?"

"लाज वाटली."

जोसायाला पुष्कळ बोलायचं होतं. "लाज मला वाटायला हवी. ये परत," एवढंच निघालं.

रविवारी एनॉक आला. सगळ्यांनी सरकून त्याला शेगडीजवळ जागा दिली. त्याच्या डोळ्यांत कुणी पाहिलं नाही.

मौन सुरू झालं. एनॉक ओठ मिटून बसला होता.

खिडकीपाशी कुणीतरी खोकलं.

जोसायाची मान खाली गेली.

एनॉक उठला. रिकाम्या बाकाच्या टोकाला जाऊन बसला, शेजारची जागा सोडून.

"ह्याला आता घालवू नका, साहेब."

मग त्याने अंगातला कोट काढला आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर, कुणाच्या खांद्यांवर पांघरावा तसा, पांघरला.

कोट खाली पडला नाही.