मागच्या काचेवरची रेघ

काचेवरचा खाऱ्या पाण्याचा डाग साध्या पाण्यानं जात नाही. आमसुलाच्या पाण्यात चिंधी भिजवून काच पुसायची, मग चुलीची राख वस्त्रगाळ करून हलक्या हातानं चोळायची, शेवटी ओल्या वर्तमानपत्रानं लख्ख करायची. शाळा मी दुसरीत सोडली, पण हे काम माझ्याइतकं कुणाला येत नव्हतं. माणगावात दयाराम शेठच्या गॅरेजात वीस वर्षं घासली मी. तेव्हा मला शहाणपण शिकवू नका. वाचायचं तर वाचा, नाहीतर चालते व्हा.

चौपन्न साल. शेठची एक जुनी काळी गाडी भाड्यानं फिरायची. खाडीवर तेव्हा पूल नव्हता. दोन होड्या एकत्र बांधायच्या, वर फळ्या टाकायच्या आणि गाडी पलीकडे न्यायची. त्या दिवशी फळी सरकली आणि गाडी मागच्या अंगानं खाडीत गेली. ड्रायव्हर विठोबा पुढून बाहेर पडला. मागं तळा गावच्या मास्तरांची बायको बसली होती, सगुणा. ती आली नाही.

बुडत्या गाडीचं दार उघडत नाही. काच उतरवावी लागते. आणि त्या काचेचं हँडल माझ्या खिशात होतं.

मीच काढलं होतं. घाटात बायका ओकायला काच उतरवतात, पोरं हँडल गरगरा फिरवून आतले दात मोडतात, आणि दुरुस्ती माझ्या बोडक्यावर. मागची एक काच आधीच जाम होती. दुसरीचं हँडल गाडी निघायच्या आधी मी काढून ठेवायचो. हे विठोबाला ठाऊक होतं, दुसऱ्या कुणाला नाही.

विठोबाला पोलिसांनी धरलं. बाईला बुडायला सोडून पळाला म्हणाले. तो एकच सांगत होता, मी बुडी मारली, पण हँडलच नव्हतं, काच उतरवू कशी?

गाडी अष्टमीला खाडीतून काढली, बैल लावून गॅरेजात आणली. शेठ नाकाला धोतराचा सोगा लावून म्हणाला, "अमावास्येला दुपारी फौजदार पंच घेऊन यायचेत. काचा लख्ख कर. आणि सगळं जिथल्या तिथं दिसलं पाहिजे. कळलं?"

कळलं. न कळायला मी काय दूधखुळा होतो?

बाकीच्या काचा एका दिवसात साफ झाल्या. मागची ती बिनहँडलची काच मात्र हट्टाला पेटली. तळापासून चार बोटांवर एक पांढरी, वाकडीतिकडी रेघ होती, मीठ सुकल्यासारखी. आतून घासली तर वाटायचं बाहेरून आहे. बाहेरून घासली तर वाटायचं आतून आहे. संध्याकाळी पुसून गेलो की सकाळी रेघ परत हजर. आणि दोन बोटं वर.

तिसऱ्या दिवशी ती वीतभर झाली. चौथ्या दिवशी त्याच्याही वर. मग मी बोटांवर तिथी मोजली. मी कोळ्याच्या पोटचा. आमचा बाप तिथी विचारून पाणी सांगायचा. अष्टमीला भांग, पाणी कमी. तिथून रोज वाढत अमावास्येला उधाण, भर दुपारी बाराला काठोकाठ. माणगावात समुद्र कुठला? पण त्या काचेला हे सांगणार कोण?

अमावास्येला ऊन नुसतं भाजत होतं. शेठ जेवायला गेला होता. अकराच्या सुमाराला विठोबाची बायको आली, केसर. बोर्लीहून चालत आली असावी. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेले.

"भावजी, त्यांनी सांगितलंय, हँडल तुम्ही काढून ठेवता. एवढंच फौजदाराला सांगा. आमचा माणूस सुटंल."

"मला काय बी ठाव न्हाय. जा घरी."

"तुम्ही न्हाय सांगितलंत तर ती बाई सांगंल."

"मेलेली माणसं साक्षीला येत न्हाईत, केसर."

ती उठली नाही. दारातल्या फणसाखाली जाऊन बसली. बसू दे म्हटलं. खिशात हँडल टाकून मी गाडीत शिरलो, दार ओढून घेतलं. रेघ वरच्या कडेपासून चार बोटांवर आली होती. खालची सगळी काच गढूळ हिरवी... मागचा फणसही दिसेना.

राख लावून चोळायला लागलो. चोळता चोळता वास आला. खाजणातल्या चिखलाचा, सडक्या शेवाळाचा. मग आवाज. होडीच्या फळीखाली पाणी लपलप करतं ना, तसा, माझ्या पायांखालून. दार ढकललं. उघडेना. खांदा लावला. हलेना. रेघ आता तीन बोटांवर... दोन...

मग शेजारची सीट दबली.

मी तिकडं बघितलं नाही. कुणी काहीही म्हणो, मी बघितलं नाही. खिशातलं हँडल काढून दारातल्या दांड्यावर बसवलं आणि फिरवायला लागलो. ते नुसतं गरगरत राहिलं, आतले दात मोडल्यासारखं. मग माझ्या मुठीवर गार, ओलं काहीतरी आलं. आणि हँडल आपोआप फिरायला लागलं. सावकाश. काच बोटभर खाली आली.

फटीत केसरचे डोळे होते.

"भावजी... हँडल कुठं घावलं?"

रेघ काठाला टेकली होती. माझ्या छातीत पाणी भरल्यासारखं झालं. खरं बोललो असतो तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. मी म्हणालो,

"जागेवरच होतं. पयल्यापासनं."

त्याच क्षणी सीट वर आली. दार आपोआप उघडलं. काचेवर रेघ नव्हती, काही नव्हतं. त्याआधीच्या सात वर्षांत ती काच इतकी साफ मी पाहिली नव्हती.

केसरनं काचेवरून एक बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं.

"साफ झाली तुमची काच," म्हणाली. आणि माझ्या पायाशी थुंकून निघून गेली.

फौजदारानं हँडल फिरवलं. काच लोण्यासारखी खाली गेली. कोर्टातही मी तेच सांगितलं. विठोबाला शिक्षा झाली, दुसऱ्याच वर्षी तुरुंगात कावीळ होऊन गेला. केसर अजून बोर्लीच्या बाजारात सुकट विकते. तिच्या समोरून मी जात नाही.

या वर्षी, सहासष्ट साली, माझ्या डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. जाड भिंगांचा चष्मा मिळाला. मागच्या अष्टमीला डाव्या भिंगावर तळाशी एक पांढरी रेघ दिसली. आमसूल लावलं, राख लावली. डॉक्टरनं उजेडाला धरून बघितलं, म्हणाला, "आजोबा, काच स्वच्छ आहे."

आज अमावास्या. अकरा वाजून गेलेत. हे लिहायला बसताना चष्मा काढून उशीखाली ठेवला.

अक्षरं धूसर झालीत, रेघ मात्र अजून स्पष्ट दिसते आहे. बुबुळाच्या जरा वर आली. खालची अक्षरं हिरवी पडत चाललीत... आणि आत्ता माझ्या खाटेची दुसरी बाजू दबली.