नवव्या प्रश्नाचं उत्तर

मंगळवारी सकाळी नऊ वाजता मी पहिला फोन लावायचे. ऑफिस म्हणजे जेट्टीजवळच्या लोखंडी सामानाच्या दुकानावरची एक खोली. दोन टेबलं, एक पंखा आणि खिडकीतून दिवसभर येणारा खोबऱ्याच्या गिरणीचा खवट वास. एका टेबलाशी मी, टोरिका. बावीस वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली आणि गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा हे बैठं काम घेतलं. दुसऱ्या टेबलाशी इमोजेन. तिला ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाने या अभ्यासासाठी आमच्याकडे फिजीत पाठवलं होतं.

काम तसं साधं. वनुआ लेवू या आमच्या मोठ्या बेटाच्या किनाऱ्यावर आणि समोरच्या लहान बेटांवर सव्वीस कर्करोगी आमच्या यादीत होते. बरं करणारं औषध कुणासाठीच उरलं नव्हतं. उरलेले दिवस कसे जातात, एवढंच विचारायचं. दर आठवड्याला पंधरा प्रश्न. झोप लागते का, जेवण जातं का, प्रार्थनेला जाता आलं का. नववा प्रश्न दुखण्याचा. त्याची उत्तरं चार: अजिबात नाही, थोडं, बरंच, खूप. पाच सेकंदांत काही ऐकू आलं नाही तर 'उत्तर नाही' वर खूण करायची आणि पुढे जायचं. कॉम्प्युटर 'उत्तर नाही' आणि 'अजिबात नाही' एकाच रकान्यात टाकायचा. त्या रकान्यावरून ठरायचं की महिन्याच्या बारा मॉर्फिनच्या बाटल्या कुणाकडे जाणार.

आता आमच्याकडे 'हो' म्हणायला तोंड उघडावं लागत नाही. भुवया उचलल्या की झालं. दुकानात मीठ आहे का? भुवया वर. माझ्याशी लग्न करशील का? भुवया वर. माझ्या आजोबांना हे एवढंच उत्तर मिळालं आणि त्यावर नऊ मुलं झाली. त्यातून आपल्या दुखण्याबद्दल मोठ्याने बोलणं म्हणजे घरच्यांना बोल लावणं. कुणी विचारलंच तर म्हातारी माणसं भुवया उचलतात आणि दुसरीकडे बघतात. वॉर्डात मी विचारताना चेहऱ्याकडे बघायचे. फोनवर चेहरा दिसत नाही.

हे मी इमोजेनला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं.

"किती गोड!" ती म्हणाली. "पण टोरिका, भुवया मी तक्त्यात कुठे घालू?"

"मग बोटीने जाऊ. समोर बसून विचारू."

"सव्वीस घरी? दर आठवड्याला?"

"बरं, निदान ती दोन उत्तरं एका रकान्यात तरी घालू नकोस."

"अगं, नियम आधीच ठरलाय. मध्येच बदलला तर सगळा अभ्यास बाद."

इमोजेन वाईट बाई नव्हती. माझ्या वाढदिवसाला तिने स्वतः केक केला होता. रविवारी चर्चमध्ये आमची गाणी म्हणायची, एकही शब्द न कळता. मला संताप याचा येतो की इतकं सगळं करणाऱ्या बाईला एक रकाना बदलता आला नाही. आणि त्याहून जास्त स्वतःचा येतो. तिने ते नुसतं ऐकलं होतं. मला माहीत होतं. तरी त्यानंतर मी मूग गिळून बसले आणि खुणा करत गेले.

खाडीपलीकडे बूबू सेरुवाया राहायची. बूबू म्हणजे आजी. स्तनाचा कर्करोग पाठीच्या कण्यात उतरलेला. तिचं गाव आणि माझं गाव यांच्यात पिढीजात थट्टेचं नातं आहे. एकमेकांना वाट्टेल ते बोलायचं, कुणी रागवायचं नाही.

"कोण? खेकडेचोरांच्या गावची का?" फोन उचलला की ती विचारायची.

"हो. खेकडे संपले तुमच्याकडचे. आता कोंबड्या न्यायला येतोय."

"कोंबडाच ने. तुमच्याकडच्या पुरुषांसारखाच आहे मेला, नुसता ओरडतो."

मग प्रश्न. आठ उत्तरं ती तिखटमीठ लावून द्यायची. नवव्याला गप्प. मागे तो कोंबडा आरवायचा, भांड्यावरचं झाकण वाजायचं. एक, दोन, तीन, चार, पाच. मी खूण करायचे आणि म्हणायचे, बरं, पुढचा प्रश्न. असे अकरा आठवडे. सव्वीस जणांत तिचे आकडे सगळ्यांत चांगले होते, म्हणून तिला एकही बाटली गेली नाही. बाराव्या आठवड्यात ती वारली.

इमोजेनने अहवालात तिच्यावर एक आख्खा परिच्छेद लिहिला. श्रद्धा, कुटुंबाची माया, वेदनेवाचून गेलेले अखेरचे दिवस. तो वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खाली निष्कर्ष होता: या किनाऱ्यावर दुखण्याचं प्रमाण कमी आहे, महिन्याला चार बाटल्या पुरतील. यादीत इलाइतिया नावाचा नावाडी होता, जबड्याचा कर्करोग झालेला. तोही नवव्या प्रश्नाला गप्प बसायचा. बारातली एखादी बाटली आज ना उद्या त्याच्या वाट्याला आली असती. चारांत त्याचा नंबर लागणं शक्य नव्हतं. अहवाल शुक्रवारी जाणार होता आणि त्यावर माझीही सही लागत होती.

"सही करण्याआधी फोनचं रेकॉर्डिंग एकदा तपासून घे," इमोजेन म्हणाली.

बुधवारी दुपारी उकडलेला कसावा आणि डब्यातले मासे खाऊन मी हेडफोन घातले. बूबूचा पहिला आठवडा. कॉलची लांबी चौदा मिनिटं, असं यादीत लिहिलेलं होतं. नववा प्रश्न आला. कोंबडा, झाकण. मी सवयीने मोजू लागले. पाच झाले. सहा. सात. माझा 'बरं, पुढचा प्रश्न' अकराव्या सेकंदाला आला. इतकं मी कधीच थांबले नव्हते. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. या वेळी एकोणीस मोजले.

दुसऱ्या आठवड्याला पाऊण मिनिट लागलं. तिसऱ्यात माझा आवाज येईचना. कोंबडा थांबला होता, झाकण थांबलं होतं. तरी फोनवर कुणी होतं. कुणीतरी फोन गालाशी धरलाय आणि दुखू नये म्हणून श्वास जपून घेतंय, हे नर्सच्या कानाला कळतं.

"इमोजेन, ही लांबी बघ."

ती माझ्या खांद्यावरून वाकली. पडद्यावर एक तास सहा मिनिटं असं दिसत होतं.

"फाइल बिघडली असेल," ती म्हणाली. "पाच सेकंदांच्या पुढचं कापून टाक. शांतताच आहे ना नुसती?"

मी कापलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने खाडी ओलांडली. बूबूची मुलगी मेरेओनी घरीच होती. तिने चटई अंथरली, लिंबाच्या पानांचा चहा दिला. बराच वेळ आम्ही माशांबद्दल बोललो.

"शेवटी फार त्रास झाला का गं तिला?" मी विचारलं.

मेरेओनी माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही विचारताय, सिस्टर? तुम्हाला तर ती दर मंगळवारी सांगायची."

"काय सांगायची?"

"तुम्ही विचारलंत की फोन दोन्ही हातांनी गालाशी दाबून धरायची आणि भुवया अशा पार वर न्यायची. मी म्हणायचे, अगं बाई, तोंडाने बोल, फोनवर दिसत नाही. तर म्हणायची, तू गप बस. टोरिका आपली आहे, तिला कळतं."

मी चहाचा कप चटईवर ठेवला.

"आणि सिस्टर," ती हळू म्हणाली, "गेली तेव्हा भुवया तशाच राहिल्या. खोबरेल लावून चोळल्या, दाबून धरल्या. उतरल्या नाहीत. तशीच पुरली आम्ही तिला."

दुपारी परत येऊन मी तिचा तक्ता काढला आणि नवव्या प्रश्नापुढे अकरा वेळा शाईने लिहिलं: खूप.

"हे काय केलंस?" इमोजेन उठून उभी राहिली. "ती 'खूप' म्हणाली, हे तू ऐकलंस?"

"तूच ऐक."

"मला तुमची भाषा येत नाही, टोरिका."

"इथे भाषा लागतच नाही."

मी तिला खुर्चीत बसवलं, हेडफोन तिच्या डोक्यावर घातले आणि अकरावा आठवडा लावला. मग खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले, वॉर्डात बसायचे तशी. दोन वाजले होते. खाली दुकानात कुणीतरी खिळे तोलून घेत होतं.

तिच्या कानात माझाच आवाज विचारत असणार: गेल्या आठवड्यात दुखलं का?

एक. दोन. तीन. चार.

पाच.

इमोजेनच्या भुवया वर गेल्या.

आश्चर्याच्या भुवया झटकन जातात आणि उतरतात. या सावकाश चढल्या, कपाळाला आठ्या पाडत, आणि तिथेच थांबल्या. डोळे माझ्यावर. ओठ घट्ट मिटलेले.

दोन्ही हातांनी तिने हेडफोन गालांशी दाबून धरले होते.

पुढचं मी मोजलं नाही.

केव्हातरी तिने हेडफोन काढले. मग तो एकत्र रकाना तोडून दोन रकाने केले. माझ्या अकरा ओळींना हात लावला नाही. शुक्रवारी अहवाल गेला नाही. बाटल्या बाराच राहिल्या आणि त्यातली एक मी स्वतः इलाइतियाच्या हातात दिली. बूबूला मात्र एक थेंबसुद्धा मिळाला नाही, आणि त्याची भरपाई करणारा रकाना जगात कुणी आखलेला नाही.

पंधरा दिवसांनी इमोजेन घरी निघाली. विमानतळावर सोडायला मीच गेले. इतक्या उकाड्यात तिने लोकरीची टोपी कपाळावर ओढून घेतली होती. निरोपाची मिठी मारताना टोपी सरकली.

भुवया वरच होत्या. भोवतालचं कातडं चोळून चोळून लाल झालं होतं आणि त्याला खोबरेलाचा वास येत होता.

मी तिच्यासमोर उभी राहिले. तिच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं, "इमोजेन, दुखतं का?"

"छे," ती हसून म्हणाली. "अजिबात नाही."