पट्टी उचलायची नाही!

डोंगरमाथ्यावरच्या तळ्याकाठी एका लोखंडी पेटीतलं यंत्र पाण्याची पातळी कागदावर रेखत होतं. त्यातली कागदाची गुंडाळी परवा दुपारी बारा वाजता संपणार होती. त्याआधी तिथे पोचून नवी गुंडाळी चढवायची, एवढाच मोहिमेचा हेतू. चौदा वर्षांत या नोंदीत एका तासाचाही खंड पडला नव्हता.

आणि मामा तो पडू देणार नव्हता! पाणीमोजणी खात्यातून तो दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला, पण तळं काही त्याला सोडवत नव्हतं. मनगटावर घड्याळ, गळ्यात दोरीने अडकवलेली वही, आणि दिसेल ते मोजायची खोड. सोबत दोघं होती. एक त्याची भाची, रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारी. दुसरा वाटाड्या. त्याला सगळे घोरपड म्हणत, कारण त्याच्या बोटांनी एकदा खडक धरला की ती सुटत नसत.

भाची उगाच आली नव्हती. दोन वर्षांपूर्वी मामाच्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी अडकली होती. तेव्हापासून रक्त गोठणं मंदावणारी गोळी त्याला रोज घ्यावी लागे, आणि दर महिन्याला त्याचं रक्त तीच तपासायची.

"मामा, साधं खरचटलं तरी मला हाक मारायची," निघतानाच तिने बजावलं.

"हो गं बाई! दाढी करायलासुद्धा तुझी परवानगी घेतो."

पहिला दिवस जंगलात गेला. शेवाळाने मऊ झालेल्या ओंडक्यांवरून, खांद्याला घासणाऱ्या ओल्या नेच्यांमधून, आणि मग गुडघाभर पाण्याच्या, हाडं गोठवणाऱ्या ओढ्यातून ते पलीकडे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी समोर कडा उभा राहिला. पाटीसारख्या पातळ, धारदार दगडांचा! घोरपड सरसर वर चढला. दोर बांधायला मदत म्हणून भाची मागोमाग गेली. मामा खाली थांबला.

वरून दगडाची एक चीप सुटली.

खडखडाट! मामाने बाजूला उडी मारली. डोकं वाचलं, पण पाय मागे राहिला. दगडाची धार विजार फाडून पोटरीत घुसली.

आणि मामाने हाक मारली नाही. वर दोर बांधायचं काम चालू होतं. अशा वेळी खालून ओरडायचं नाही, हा त्याचा चाळीस वर्षांचा नियम. त्याने फडकं घेतलं, जखमेवर दाबलं आणि घड्याळात बघितलं.

पंचवीस मिनिटांनी भाची उतरली, तेव्हा मामाच्या पायाखालचे पांढरे दगड लाल झाले होते. एका हाताने तो फडकं धरून होता, दुसऱ्या हाताने लिहीत होता.

"मामा! हाक का नाही मारलीस?"

"मारणारच होतो. दोर पक्का झाल्यावर."

तिने वही ओढून घेतली. त्यात सुवाच्य अक्षरात पाच ओळी होत्या. दहा पाच: वाहतंय. दहा दहा: कमी. दहा पंधरा: वाहतंय. दहा वीस: कमी. दहा पंचवीस: जोरात.

"हे लिहिण्यासाठी दर वेळी काय केलंस?"

"फडकं उचलून बघितलं. न बघता नोंद कशी करणार? अंदाजपंचे?"

"म्हणूनच थांबत नाहीये!" स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर ठेवून तिने तळहाताचं सगळं बळ लावलं. "घोरपडदादा, याचा पाय पिशवीवर उंच ठेवा. आणि मामा, ऐक. कापलं की आधी शीर आकसते. मग रक्तातल्या बारीक चकत्या धावत येऊन भोकाला चिकटतात. पण तो नुसता बोळा झाला. त्यावर धाग्यांची जाळी विणली जाते, तेव्हा गुठळी पक्की होते. गोळीमुळे तुझी जाळी विणायला वेळ लागतो. आणि ती जरा विणून होतेय तोवर तू ती उचकटतोस! तुझ्याच वहीत लिहिलंय बघ. 'कमी' झालं की पुढच्या ओळीला 'वाहतंय'."

मामाने वही वाचली. पुन्हा वाचली. स्वतःच्या नोंदींशी वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"अर्धा तास," भाची म्हणाली. "वेळ तू मोज. पण जखम बघायची नाही."

सात मिनिटं झाली. "आता जरासं..."

"नाही."

"साहेब," घोरपड म्हणाला, "ओला गिलावा वाळला का म्हणून सारखं बोट खुपसत बसलं, तर भिंत कधी व्हायची?"

अर्धा तास झाला. कडेने एक थेंबही येत नव्हता. भाचीने घडी तशीच ठेवली आणि वरून पट्टी आवळून बांधली. पायाच्या बोटांची ऊब तपासली. मग पाठ सरळ केली.

"तुम्ही दोघं वर जा," मामा म्हणाला. "चार तासांत याल. मी हलत नाही."

घोरपडने मान हलवली. "वरच्या टप्प्यावर दोराला दोन माणसं लागतात. एकटा मी चढेन, पण उतरता येणार नाही."

"आणि दोघं गेलो, आणि मागे रक्त परत सुटलं तर?" भाची म्हणाली. "तू चक्कर येऊन पडलास, तर पट्टी कोण दाबणार? तूच ठरव, मामा. मोहीम तुझी आहे."

मामाने कड्याकडे बघितलं. चौदा वर्षं! मग त्याने एकदाच वहीकडे बघितलं.

"घोरपड, दोर खाली घे."

परतीच्या वाटेवर आता खरी कसोटी ओढ्याची होती. "अंग गार पडलं तर रक्त आणखी सावकाश गोठतं," असं म्हणून भाचीने तिघांचेही स्वेटर मामाला घातले. घोरपडने त्याला पाठुंगळी घेतलं. मामाने वही दातांत धरली. भाची दुखरा पाय हातांवर तोलत बाजूने पाण्यात उतरली.

एक पाऊल. दुसरं. मधोमध पाण्याने घोरपडच्या पायाखालचा गोटा काढून घेतला!

तो गुडघ्यावर आला. मामा कलला. भाचीने पाय तसाच वर धरला. स्वतः पाण्यात बसली, छातीपर्यंत भिजली. मामाचा हात आपसूक पट्टीकडे गेला.

"हात!" ती कडाडली.

हात जागच्या जागी थांबला. घोरपडच्या बोटांनी पाण्याखालचा खडक पकडला. पकडला तो पकडलाच! दात-ओठ खात तो उठला. पाच पावलांत काठ आला. पट्टी कोरडी होती.

रात्री उशिरा रस्त्यालगतच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पट्टी हलक्या हाताने सोडवली. आत काळसर लाल गुठळी घट्ट बसली होती.

"छान धरलंय. मधे उघडली होती?"

"पाच वेळा," मामाने प्रामाणिकपणे सांगितलं. "त्यानंतर एकदाही नाही."

गोळीचा परिणाम उतरवणारं इंजेक्शन, सात टाके, आणि चार दिवस मुक्काम.

दुसऱ्या दिवशी खाटेवर बसून मामाने घड्याळ बघितलं. बरोबर बारा. वर तळ्याकाठी गुंडाळी संपली होती. त्याने लिहिलं: 'आजपासून नोंदीत खंड. कारण: पथक परत फिरले. निर्णय माझा.' खाली सही केली.

मग त्याचा हात पायावरच्या नव्या पट्टीकडे सरकला. खुर्चीत पेंगणाऱ्या भाचीने एक डोळा उघडला. मामाने हात मागे घेतला आणि आणखी एक ओळ लिहिली.

'बारा पाच: जखम बघितली नाही.'